विधिसंघर्षग्रस्त मुलांसोबत मेंटॉर म्हणून काम: काय करायचं, काय टाळायचं

रानजाई

'रिमांड होममधल्या मुलांसाठी काहीतरी करायचंय, कुणाला भेटू?' हा प्रश्न इथे अधूनमधून येतो आणि चार ओळींच्या उत्तरात विरून जातो. म्हणून विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांबद्दल हा स्वतंत्र धागा. महाराष्ट्रापुरतंच बोलू.

थेट निरीक्षणगृहाच्या (म्हणजे रिमांड होमच्या) गेटवर जाऊन उपयोग नाही. रस्ते दोन. एक, जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालय आणि तिथला जिल्हा बाल संरक्षण कक्ष. दोन, आत काम करायची परवानगी आधीच असलेली एखादी नोंदणीकृत संस्था. दुसरा सोपा. दोन्हीकडे पोलिसांची चारित्र्य पडताळणी आणि ओळखीच्या दोन माणसांची नावं मागितली जातात, बालसंरक्षण धोरणावर सही घेतली जाते. जी संस्था यातलं काहीच मागत नाही तिथे काम करू नका.

संस्थेला पहिल्याच दिवशी विचारायचा प्रश्न: 'मुलगा जामिनावर सुटला की मी त्याला बाहेर भेटू शकतो का?' बहुतेक मुलं निरीक्षणगृहात थोडेच दिवस असतात. काम फक्त आतच होणार असेल तर तुम्ही वर्ग घेताय, मेंटॉर नाही. वर्ग घेणंही चांगलंच, पण त्यासाठी एका मुलाला 'मी कायम तुझ्यासोबत आहे' वगैरे सांगू नका.

बाहेर भेटता येणार असेल तर परिविक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसर, सगळे 'पीओ' म्हणतात) आधी भेटा. मुलाला बाल न्याय मंडळापुढे पहिल्यांदा हजर केल्यापासून १५ दिवसांत त्याचा सामाजिक तपासणी अहवाल त्यांना द्यायचा असतो. त्याच्याबरोबर मुलाची वैयक्तिक काळजी योजना बनते. मेंटॉरचं नाव, भेटीचा वार आणि उद्देश या योजनेत लिहून घ्या. ते नसेल तर अधीक्षक बदलले की तुमची भेट बंद, आणि मुलाला कारणही कळत नाही.

पहिल्या चार भेटी: ४५ मिनिटं, एकच वार, एकच वेळ. विषय ठरवून जाऊ नका. कॅरम, बुद्धिबळ, सायकलची चेन बसवणं, काहीतरी हाताला काम हवं. समोरासमोर खुर्च्या टाकून बसलं की मुलाला चौकशीची आठवण येते. चौथ्या भेटीअखेर तीन गोष्टी कळलेल्या पुरेत: घरात त्याचं कोण ऐकतं, तो कुणाचं ऐकतो, आणि शाळा नेमकी कोणत्या इयत्तेत सुटली. तिसरी गोष्ट पुढे फार लागते.

भर घाला.

---

मुचलका

चांगला धागा. वकिली बाजूने भर.

गुन्ह्याबद्दल विचारू नका. नवा मेंटॉर हमखास इथेच घसरतो. वकील आणि अशिलातल्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण आहे. मेंटॉरला ते नाही. मुलाने तुम्हाला 'कोयता मी फेकला, पप्प्याने नाही' असं सांगितलं तर तुम्हाला साक्षीला बोलावता येतं. त्यामुळे पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगा: 'केसचं वकिलांशी बोल, माझ्याशी नको.' मूल स्वतःहून सुरू झालं तर थांबवा. सोळा पूर्ण झालेल्या आणि निर्घृण गुन्ह्याचा (किमान शिक्षा सात वर्षं) आरोप असलेल्या मुलाच्या बाबतीत तर अधिकच. तिथे मंडळ बाल न्याय कायद्याच्या कलम १५ खाली प्राथमिक मूल्यमापन करतं आणि प्रकरण प्रौढ म्हणून खटल्यासाठी बाल न्यायालयाकडे जाऊ शकतं. मेंटॉरच्या डायरीतलं एखादं वाक्य तिथे भलत्याच अर्थाने वाचलं जाईल.

उलट बाजू: मुलाने स्वतःवर झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, मग तो घरी, वस्तीत किंवा संस्थेत कुठेही झालेला असो, तर ते गुपित ठेवता येत नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं गुन्हा आहे. 'मी कुणालाही सांगणार नाही' असं वचन कधीच देऊ नका. म्हणायचं असं: 'तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला, अंगाला धोका असेल तर मला सांगावं लागेल. बाकीचं माझ्यापाशी.'

जामीनदार होऊ नका. आई रडत येते, 'साहेब, तुम्हीच सही करा'. जामीनदार झालात की मुलगा तारखेला न आल्यास रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते, आणि त्या दिवसापासून तुम्ही त्याच्या मागावर. नातं संपलं. जामिनाच्या अटी सात दिवसांत पुऱ्या करता आल्या नाहीत तर मुलाला पुन्हा मंडळापुढे आणून अटी सैल करण्याची तरतूद बाल न्याय कायद्याच्या कलम १२ मध्येच आहे. वकिलांना तिची आठवण करून द्या. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

---

शनिवारकर

दोन प्रश्न. (१) आठवड्याला शनिवारचे दोनच तास मिळतात. पुरेत का? (२) मोबाइल नंबर द्यायचा का? वाढदिवसाला भेट वगैरे?

---

रानजाई

(१) दोन तास पुरेत, पण वर्षभर. १० पैकी १० शनिवार आणि मग गायब होण्यापेक्षा महिन्यातले ठरलेले तीन शनिवार वर्षभर चांगले. अमेरिकेतल्या 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' कार्यक्रमावरचा २००२ चा अभ्यास आहे (ग्रॉसमन आणि ऱ्होड्स): वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांत मुलांना सर्वाधिक फायदा, आणि तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांत मुलांचा स्वतःबद्दलचा विश्वास आधीपेक्षा *खाली* गेला. ती मुलं आपल्या बाल न्याय कायद्याखालच्या मुलांसारखी नव्हती हे खरं, पण आपल्याकडच्या मुलांना तर सोडून जाणाऱ्या माणसांची सवयच असते. परदेशी प्रोजेक्टवर जाण्याची शक्यता असेल तर सुरूच करू नका.

(२) नंबर द्या, पण वेगळं सिम घ्या आणि वेळ सांगा: सकाळी ८ ते रात्री ९. त्यानंतर अडचण आली तर १०९८ (चाइल्डलाइन). सोशल मीडियावर एकमेकांना फॉलो करणं नाही. त्याच्यासोबत फोटो नाही, तुमच्या स्टेटसला पाठमोरा सुद्धा नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे ओळख उघड करणं हा गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या देणगीच्या पोस्टमध्ये हे सर्रास होतं आणि चेहरा धूसर केला की भागलं असं वाटतं. वस्तीतल्या लोकांना शर्टावरूनही कळतं.

रोख पैसे कधीच नाही. चहा-वडापाव चालेल. वस्तू द्यायची तर कामाची आणि संस्थेच्या नावाने: परीक्षेची फी, बसचा पास, चष्मा. बूट दिले की दुसऱ्या दिवशी मोठा भाऊ घालतो किंवा ते विकले जातात, आणि मग 'बूट कुठे?' हा भेटीचा विषय होऊन बसतो.

आणि स्वतःची दुचाकी 'एक राउंड' म्हणूनही देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. डिलिव्हरी किंवा ड्रायव्हरची नोकरी हाच ज्याचा पुढचा रस्ता आहे, त्याचं केवढं नुकसान होईल बघा.

---

ओवरी

सुटकेनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांबद्दल लिहिते. सगळ्यात जास्त पडझड तेव्हाच होते आणि बहुतेक मेंटॉर तेव्हाच 'आता घरी गेलाय, जरा स्थिरावू दे' म्हणून मागे सरकतात.

सुटण्याच्या *आधी* करायचं: घरभेट पीओंसोबत. घरी नेमकं कोण आहे, झोपायला जागा कुठे, मुलाच्या नावावर काही उधारी आहे का, आणि समोरच्या पार्टीची पोरं त्याच गल्लीत राहतात का. शेवटची गोष्ट कागदावर कधीच नसते. गल्लीतल्या किराणा दुकानदाराला माहीत असते.

पहिले तीन दिवस: रोज एक फोन, दोन मिनिटांचा. उपदेश नाही. 'जेवलास का, उद्या काय?' एवढंच. जुनी टोळी याच दिवसांत येते. स्वागताची मिरवणूक, गाडीवर बसवून रील, 'भाई बाहेर आले' असं गाणं. रील टाकलं की समोरच्या टोळीला पत्ता मिळतो आणि अटींचा भंग झाल्याचा पुरावाही तयार होतो. हे मुलाला सुटण्याआधीच समजावून सांगा, आणि मोठ्या भावालाही. कारण रील बहुतेकदा भाऊच टाकतो.

पहिला आठवडा: पुढच्या तारखेचं नियोजन. तारीख त्याच्या आणि आईच्या फोनमध्ये, शिवाय भिंतीवरच्या कॅलेंडरवर. आईची एक दिवसाची मजुरी बुडते म्हणून तारखा चुकतात. मुलगा निर्ढावलाय म्हणून चुकणाऱ्या कमीच. मंडळ मुंबईत डोंगरी आणि मानखुर्दला बसतं, पुण्यात येरवड्याला. लोणी काळभोरहून किंवा जुन्नरहून येरवड्याला ११ वाजता पोहोचायचं तर किती वाजता निघावं लागेल, बस कुठली, हे लिहून द्या. चुकल्यास त्याच दिवशी वकिलांना फोन, दुसऱ्या दिवशी नव्हे.

'मामाकडे गावाला पाठवून देऊ' हा घरच्यांचा आवडता उपाय. कधी तो खरंच वाचवतो, विशेषतः जिवाला धोका असेल तर. पण मंडळाला न सांगता पाठवलं तर मूल फरार दिसतं. शिवाय मामाकडे शाळा नाही, काम नाही, महिन्याभरात पोरगं तिकीट न काढता परत. पाठवायचंच तर पत्ता बदलाचा अर्ज, तिथल्या जिल्ह्याच्या पीओंकडे देखरेख, आणि तिथे करायला ठरलेलं काही, या तिन्ही गोष्टी करून.

---

कडेलोट

सगळं ठीक आहे, पण प्रश्न विचारतोच. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोन जीव गेले आणि मंडळाने काय केलं, ३०० शब्दांचा निबंध! मेंटॉर, कॅरम, वडापाव. ज्यांचं माणूस गेलं त्यांच्यासाठी कोण धागा काढणार? मला तर वाटतं या पोरांना एकदा येरवडा जेल आतून दाखवा, चार कैद्यांशी बोलू द्या. आपोआप सरळ होतील.

---

मुचलका

राग समजतो. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

निबंधाची अट ही जामिनाची अट होती, अंतिम आदेश नव्हे. जामीन कलम १२ खाली. गुन्हा जामीनपात्र असो नसो, तो नाकारायला तीनच कारणं आहेत: गुन्हेगारांची संगत, मुलाला धोका, किंवा न्यायाचा हेतू विफल होणं. दोषी ठरल्यावरचे आदेश कलम १८ मध्ये आहेत: समज, गट समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, तीन वर्षांपर्यंत परिविक्षा, तीन वर्षांपर्यंत विशेष गृह. शिवाय शाळेत जाणं, व्यसनमुक्ती, ठरावीक ठिकाणी जायला मनाई अशा जोडअटी. चांगली अट मोजता येते. 'चांगलं वागावे' ही अट नव्हे. 'दर मंगळवारी पीओंकडे हजेरी, रात्री ८ नंतर घरी, अमुक चौकात जायचं नाही' ही अट. मेंटॉर उपयोगी पडतो तो अशा अटी पाळता याव्यात म्हणून.

पीडितांच्या बाजूची तरतूद तोकडी आहे, हे मान्य. एक मात्र मेंटॉरने पाळायचंच: पीडिताच्या घरी मुलाला माफी मागायला घेऊन जायचं नाही. हेतू चांगला असतो, पण समोरच्यांना तो दबाव वाटतो, आणि मंडळापुढे तसाच मांडला जातो.

---

ओवरी

@कडेलोट, जेल दाखवण्याचा प्रयोग होऊन गेलाय. न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात सुरू झाला, 'स्केअर्ड स्ट्रेट' नावाने गाजला. नंतर तुलना गट ठेवून झालेल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तर जेल दाखवलेल्या मुलांनी न दाखवलेल्यांपेक्षा *जास्त* गुन्हे केले. भीती दोन दिवस टिकते. 'मी येरवडा आतून पाहिलंय' ही फुशारकी वस्तीत वर्षभर पुरते.

हाच धडा आपल्या बाजूच्या लोकांनाही लागू आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ ला सुरू झालेला केंब्रिज-सॉमरव्हिल प्रकल्प: मुलांना वर्षानुवर्षं समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरं. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड यांनी मागोवा घेतला तर मदत मिळालेल्या मुलांची अवस्था काही बाबतींत न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाली. सर्वाधिक नुकसान पुन्हा पुन्हा शिबिराला पाठवलेल्यांचं. म्हणजे अडचणीतली मुलं एकत्र कोंडून ठेवली की ती एकमेकांकडून शिकतात. त्यामुळे दहा 'केसवाल्या' मुलांची सिंहगड सहल काढू नका. त्यापेक्षा एका मुलाला वस्तीतल्या साध्या कबड्डी संघात घाला, जिथे बाकीच्यांवर केस नाही. संघाच्या प्रशिक्षकाला केसबद्दल सांगायचं नाही. सांगायची गरजही नाही.

---

पाटीपेन्सिल

शिक्षण आणि कामाबद्दल. वर रानजाईंनी 'शाळा कोणत्या इयत्तेत सुटली' म्हटलंय, ते या कारणासाठी.

पाचवी झालेली आहे आणि वय १४ पूर्ण: दहावीला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म. ऑनलाइन भरायचा, साधारण पावसाळ्यात मुदत असते, दरवर्षी शिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर बघा. मूळ शाळा सोडल्याचा दाखला लागतो. सगळं अडतं ते इथेच. पोरगं सातवीत शाळेत जायचं थांबलं, दाखला कुणी काढलाच नाही, दरम्यान घर बदललं. पहिल्या महिन्यातच आईसोबत त्या शाळेत जाऊन अर्ज द्या. दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. हाच कागद वय सिद्ध करायलाही लागतो. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये शाळेचं जन्मतारखेचं प्रमाणपत्र पहिल्या क्रमांकावर आहे, महापालिकेचा जन्मदाखला दुसऱ्या, आणि हाडांची चाचणी हे दोन्ही नसतील तरच.

दहावी नापास: आयटीआयमध्ये काही ट्रेड दहावी नापासांना खुले असतात, वेल्डर त्यातला एक. त्या वर्षीची यादी बघा. मुक्त विद्यालयाचाही पर्याय आहे, पण अभ्यासाला बसवणारं कुणी नसेल तर पुस्तकं कोरीच राहतात. रोज एक तासापेक्षा जास्त मागू नका. ज्याने तीन वर्षं पेन धरलेलं नाही त्याचं बोट दुखतं. आधी बोटं, मग बीजगणित.

आधार: पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात. ते राहिलेलं असतं, मोबाइल नंबरही जुनाच असतो, आणि ऐन फॉर्म भरताना ओटीपी भलत्याच नंबरवर जातो.

काम: ओळखीच्या गॅरेजमध्ये लावून देताना कायदा बघा. १४ ते १८ मध्ये धोकादायक काम नाही, विश्रांती धरून दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त नाही, सलग तीन तासांनंतर एक तास सुट्टी, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही, आठवड्याला एक सुट्टी. 'बारा तास राबवा म्हणजे उद्योग सुचणार नाहीत' म्हणणाऱ्या शेठकडे ठेवलंत तर मुलगा महिन्यात पळेल, आणि आळही तुमच्यावरच येईल.

---

शनिवारकर

नशेचं काय? सोल्युशन, व्हाइटनर, गोळ्या. भेटीला मुलगा झिंगून आला तर?

---

ओवरी

तेव्हा बोलणं नाही. पाणी, सावली, घरी सुखरूप पोहोचवणं. भेट रद्द करू नका, छोटी करा, आणि पुढच्या ठरलेल्या वेळी हजर राहा. शुद्ध हरपत असेल किंवा श्वास मंद वाटत असेल तर सरळ १०८.

गोळ्यांबद्दल एक धोक्याची गोष्ट. 'बटण' म्हणून विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्या (नायट्राझेपाम वगैरे) रोज घेणाऱ्याने एकदम बंद केल्या तर झटके येऊ शकतात. त्यामुळे 'आजपासून सोड, शपथ घे' हे मेंटॉरचं काम नाही. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात न्या, डॉक्टर डोस हळूहळू कमी करतात. सोल्युशन हुंगलेल्या मुलाला पळायला लावणं, दरडावणं, घाबरवणं टाळा. हृदयाचा ठोका अचानक बिघडून मृत्यू झालेले आहेत. वस्तीत पोलीस पाठलाग करतात तेव्हाही हाच धोका असतो.

आणि मोठ्यांच्या गोळी-गांजाची 'पोहोच', म्हणजे माल पोहोचवणं, मुलांच्या हातात असते, कारण 'चाइल्ड केस आहे, काही होत नाही' असं त्यांना शिकवलेलं असतं. मुलाला बेकायदा कामाला लावणाऱ्या मोठ्या माणसासाठी बाल न्याय कायद्याचं कलम ८३ आहे: सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. पण हे स्वतः पोलिसांत सांगायला धावू नका. मुलाच्या सुरक्षेची सोय आधी, पीओ आणि वकिलांना विचारून.

---

निवडुंग_०७

एक प्रकार राहिला. सोळा-सतराची पोरं मुलीसोबत पळून गेलेली, दोघांची संमती होती असं सांगतात, पण संमतीचं वय १८, म्हणून पोक्सो. इथे मेंटॉरवर येणारी मुख्य मागणी म्हणजे 'तिला एवढी चिठ्ठी पोहोचवा'. नाही. एकदाही नाही. चिठ्ठी म्हणजे साक्षीदारावर दबाव ठरू शकतो, आणि तुम्ही त्यात भागीदार. 'तिचं लग्न ठरवलं का एवढंच विचारा' याही रूपात ही मागणी येते.

मुलींबद्दल: पुरुष मेंटॉर मुलींसोबत एकट्याने काम करत नाहीत. यावर चर्चा नको.

---

रानजाई

नोंदी कशा ठेवायच्या ते विचारणारे तीन व्यक्तिगत निरोप आलेत, म्हणून इथेच. दर भेटीला चार ओळी: तारीख-वेळ, कुठे भेटलो, काय केलं, पुढच्या भेटीआधी कुणी काय करायचं. पूर्ण नाव नाही, आद्याक्षरही नाही, संस्थेने दिलेला क्रमांक. गुन्ह्याचा उल्लेख नाही, तुमचे निष्कर्षही नाहीत ('खोटं बोलतोय असं वाटलं' हे लिहू नका). व्हॉट्सअॅपवर पाठवू नका.

थांबायचं कसं: शेवटच्या भेटीची तारीख दोन महिने आधी सांगा. त्या दोन महिन्यांत अंतर वाढवा: आठवड्याचे पंधरा दिवस, मग महिना. त्याच्या आयुष्यात तुमच्याशिवाय दोन मोठी माणसं फोन उचलणारी आहेत ना, ते बघा. प्रशिक्षक, काकी, वेल्डिंगचे सर, कुणीही. नसतील तर तारीख पुढे ढकला.

अठरा पूर्ण होण्याआधी एकदा बसून दोन गोष्टी समजावा. चालू प्रकरण बाल न्याय मंडळापुढेच चालेल, अठरा झाले म्हणून मोठ्यांच्या कोर्टात जात नाही. पण वाढदिवसानंतर घडलेलं नवं काहीही मोठ्यांच्या कोर्टात. आणि जुन्या प्रकरणाचा डाग नोकरीला लागत नाही (कलम २४). अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात, आणि बंद झालेल्या प्रकरणाची माहिती चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांनी द्यायची नसते. अपवाद निर्घृण गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेल्यांचा. पोलीस पडताळणीत तरीही कुणी अडवलं तर वकिलांना हे कलम दाखवायला सांगा.

तुमच्याकडे राहिलेले त्याचे मूळ कागद, दाखला, आधार, बँकेचं पुस्तक, शेवटच्या भेटीत नव्हे तर त्याआधीच्या भेटीत परत करा. काही गहाळ असेल तर शोधायला पंधरवडा मिळतो.

---

शनिवारकर

धन्यवाद सगळ्यांना. जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी केली, पडताळणीचा अर्ज पोलिसांच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा आहे म्हणाले. अर्जात 'कारण' या रकान्यात काय लिहायचं?

---

मुचलका

'बालकांसोबत स्वयंसेवी काम' आणि संस्थेचं नाव. संस्थेचं पत्र जोडा. पत्र नसेल तर अर्ज आज भरू नका, आधी पत्र घ्या.